मे महिन्यात पुण्याहून फलटणला एकट्याने सायकलवर जायचं आहे. पाणी किती न्यावं आणि टायर कोणते घालावेत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, की ग्रुपमधल्या एका अनुभवी माणसाने "फक्त पाणी पीत राहा, बाकी काही लागत नाही" असं सांगितलं. मी उत्तर लिहायला बसलो ते या एका वाक्यामुळे. हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि उन्हाळ्यात तो माणसाला आडवा करतो.

मला केला, आणि तोही याच रस्त्यावर. दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण, म्हणजे माउलींच्या पालखीची वाट. पुण्यातून धरलं तर ११० किमीच्या आसपास. मे महिना, पहाटे पाचला सुरुवात, दुपारी बारापर्यंत आठ लिटर साधं पाणी पोटात आणि खाणं म्हणजे चार केळी. नीरेच्या पुलावर घड्याळाचा पट्टा मनगटात रुतायला लागला, म्हणून एक भोक सैल केला. लोणंदला पोचेपर्यंत अंगठी बोटातून फिरेना. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं आणि लघवी तासात दोनदा, अगदी पाण्यासारखी. ग्रुपमधल्या ज्येष्ठ काकांना फोन लावला. ते म्हणाले, "ऊन लागलंय तुला, अजून दोन लिटर पी." ऐकलं आणि प्यायलो. तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबापाशी उलट्या सुरू झाल्या, टेम्पोत सायकल टाकून लोणंदला परत आलो. रक्त तपासलं तर सोडियम १२७. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं.

घामातून नुसतं पाणी जात नाही. माणसागणिक फरक पडतो, पण एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम धरा, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. सात लिटर घाम गेला तर सतरा-अठरा ग्रॅम मीठ गेलं. त्या जागी फक्त पाणी ओतत राहिलात तर रक्तातलं उरलेलं सोडियम पातळ होतं, पाणी पेशींत शिरतं आणि बोटं सुजतात. मेंदूला सूज आली तर जिवावर बेततं. पाणी कमी पडल्यावरही डोकं दुखतं आणि मळमळतं, म्हणून गल्लत होते. फरक ओळखायचा तो असा: लघवी गडद आणि थोडी, तोंड कोरडं, तर पाणी कमी पडलंय. लघवी पाण्यासारखी, बोटं टम्म, अंगठी घट्ट, तर साधं पाणी तिथेच थांबवा, खारट काहीतरी खा आणि डॉक्टर गाठा.

काकांचा ठरलेला मुद्दा असा, की "आमचे आजोबा उन्हात नांगर धरायचे, त्यांनी कुठे इलेक्ट्रोलाइट (पाण्यात विरघळवायचे क्षार) घेतलं?" घेतलं की! भाकरीबरोबर मिठाचा ठेचा, लोणच्याची फोड आणि तांब्याभर खारं ताक, हेच इलेक्ट्रोलाइट. शिवाय आजोबा पहाटे औत जुंपायचे आणि ऊन चढलं की सोडायचे. दुपारी बैल आणि माणूस दोघंही झाडाखाली. आजोबांचं नाव घ्यायचं तर त्यांचा पूर्ण दिवस घ्या.

आता तुमच्या पाण्याचा हिशोब. जाण्याआधीच्या आठवड्यात एकदा उन्हात तासभर चालवा. आधी आणि नंतर अंग पुसून कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे एक लिटर गेलं. त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा. माझा आकडा तासाला ९०० मिली येतो, तुमचा वेगळा येईल. तो सगळा भरून काढायचा नाही, ६०० ते ८०० मिली बस्स. या वाटेवर दर दहा-पंधरा किमीवर गाव आहे, त्यामुळे पाच लिटर वाहून नेऊ नका. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि कॅरियरला एक लिटर राखीव, एवढं पुरतं.

एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने पाव चमचा सपाट मीठ, चार चमचे साखर, अर्धं लिंबू. चाखल्यावर अश्रूंपेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालं. ओआरएसची मोठी पुडी वापरणार असाल तर ती एक लिटरची असते. पाऊण लिटरच्या बाटलीत आख्खी ओतू नका, आधी लिटरभर पाण्यात कालवून मग भरा. एक बाटली अशी, एक साधी. साधीतलं पाणी डोक्यावर आणि बाह्यांवर ओतता येतं, साखरेचं ओतलं तर माश्या बसतात.

साध्या बाटलीवर जुना सुती पायमोजा चढवा आणि तो ओला ठेवा. देशावरच्या कोरड्या हवेत वारा लागला की माठासारखं पाणी गार राहतं. मोजा बाटलीच्या गळ्यापर्यंत ओढायचा, खाली सैल टोक ठेवायचं नाही, ते पेडलच्या दांड्याला (क्रँकला) घासतं. कोकणात हा प्रयोग चालत नाही. तिथे हवेतच इतका ओलावा की मोजाही सुकत नाही आणि घामही. म्हणून तिथले ३४ अंश फलटणच्या ४० पेक्षा जड जातात.

खाण्यात दशमी आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्यात बरी, टिकते आणि खारट असते. ताक दिसेल तिथे मीठ-जिरं घालून प्या. उसाचा रस एका वेळी एकच ग्लास, बर्फाशिवाय. त्यात साखर भरपूर, मीठ जवळपास नाही, आणि दोन ग्लासांनी पोट जड होऊन पुढचा तास वाया जातो.

वेळ पाण्याइतकीच महत्त्वाची. साडेचारला दिवा लावून निघा, उजाडता उजाडता दिवे घाट चढून व्हायला हवा. चढावर वेग ताशी आठ किमी, म्हणजे अंगाला वारा नाही. तो घाट आठच्या उन्हात चढलात तर सकाळीच एक लिटर जादा जातो. साडेदहाला नीरा किंवा लोणंद, अकरा ते चार देवळाच्या ओवरीत पाठ टेकायची, उरलेले तीसेक किमी संध्याकाळी. "दुपारी वारा पाठीशी असतो, तेव्हाच अंतर तोडावं" असंही कुणी सांगेल. मे महिन्यात दुपारचा वारा पश्चिमेचा, म्हणजे तुम्हाला बऱ्यापैकी पाठीवरच. पण वारा ताशी वीस आणि तुम्हीही वीस, तर अंगाला लागणारा वारा शून्य. घाम सुकण्याऐवजी नुसता निथळतो आणि शरीर तापत जातं. वळवाचे ढग भरून आले तर मात्र झाडाखाली थांबू नका, पक्की इमारत शोधा.

टायर ३२ ते ३५ मिमी. सत्तर किलोच्या माणसाला मागे ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), पुढे ५० ते ५५. "उन्हाळ्यात हवा कमी भरा, नाहीतर ट्यूब फुटेल" यात तथ्य नाही. सकाळी २५ अंशांना भरलेली ६० ची हवा टायर ६० अंशांपर्यंत तापला तरी ६९ च्या आसपास जाते, टायर ते सहज सोसतो. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि दोन भोकं पडतात. फुटण्याची खरी कारणं म्हणजे सरकलेली रिम टेप (रिमच्या आतली पट्टी), चिरलेला टायर, आणि उतारावर रिम ब्रेक सतत दाबून तापलेली रिम. घाटात ब्रेक दाबा-सोडा, दाबा-सोडा असाच वापरायचा.

पंक्चर होतं ते बाभळीच्या काट्यांनी. सावली दिसली म्हणून सायकल ढकलत बाभळीखाली नेऊ नका, उचलून न्या. चिकटपट्टीचे पॅच गरम ट्यूबवर सुटतात. सोल्युशनचेच घ्या, ट्यूब आधी सावलीत गार करा, सोल्युशनची चमक गेल्यावरच पॅच दाबा. दोन ट्यूब जवळ ठेवा. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर न विसरता, कारण गावातल्या पंक्चरवाल्याकडे त्याचं तोंड नसतं.

हे आधी सांगायला हवं होतं: रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल, मधुमेह असेल, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर वरचं मीठ-साखरेचं प्रमाण तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना विचारा. अंग दुखलं तरी आयबुप्रोफेनसारखी गोळी वाटेत घेऊ नका, पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला बाधते. आणि वर्षभर एसीत बसून थेट मे महिन्यात ११० किमी नको. शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, रोज तासभर तरी उन्हात चालवा.

उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजली, साधी बेरीज जमेना, तर तिथेच उतरा. सावली, अंगभर पाणी, वारा आणि १०८ ला फोन. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं धरू नका, सायकल चालवणाऱ्याला घाम येत असतानाही तो होतो.

जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी पुणे-मिरज रेल्वेमार्गावरची स्टेशनं आहेत. गाड्या मोजक्या, त्यांच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा. अंगठी घरी काढून ठेवा, घड्याळ मात्र नेहमीच्या भोकात बांधा. पट्टा रुतायला लागला तर पुढचं स्टेशन तुमचं.