'मज्जाव' की 'नकार'?

प्रश्न असा आला आहे: 'बेकरीवाल्याने समलिंगी जोडप्याला केक देण्यास मज्जाव केला' हे वाक्य चालेल का, की 'नकार दिला' म्हणावं?

नाही चालणार! 'नकार' फिका वाटला की बातमीत 'मज्जाव' ठोकून द्यायची खोड फार बोकाळली आहे. अहो, मज्जाव दुसऱ्याला करायचा असतो. वरच्या वाक्याचा अर्थ, बेकरीवाला केक द्यायला निघालाच होता, कुणीतरी त्याचा हात धरला.

'नकार' म्हणजे 'न'चा उच्चार, हुंकार-ओंकारासारखा. अरबी 'इन्कारा'शी त्याची सोयरीक जुळवू नये. खरी गंमत मज्जावात आहे. हिंदी 'मत जाव'! सत् + जन = सज्जन, तसा मत + जाव = मज्जाव. देवडीवरच्या पहारेकऱ्याची दरडावणी, आणि तिला संधी लागला संस्कृताचा! माझा तर्क असा की छावण्यांमधल्या हिंदुस्थानी शिपायांच्या तोंडून हा शब्द आपल्याकडे आला. आपल्या 'जाऊ नका'ला ती जरब कुठली? 'कोशात मनाई असाही अर्थ आहे' म्हणून काही विद्वान अंगावर येतात. असेल. पण शब्दाच्या पोटातच 'जाणं' आहे, उंबरठा आहे, तो पुसायचा कशाला?

तुमचं उदाहरण बहुधा अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या लेकवुडचं. २०१२ साली जॅक फिलिप्स या बेकरीवाल्याने धर्मश्रद्धेचं कारण देऊन दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायचं नाकारलं. वाढदिवसाचा केक, बिस्किटं मात्र देतो म्हणाला. म्हणजे दार उघडं, केक तेवढा नाही. हा नकार. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ७ विरुद्ध २ मतांनी जिंकला, पण राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या श्रद्धेला आकसाने वागवलं या मुद्द्यावर. श्रद्धेपोटी गिऱ्हाईक परतवता येतं का, हा मोठा प्रश्न न्यायालयाने तसाच ठेवला.

आपल्या घटनेचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं यांतल्या प्रवेशाबद्दल बोलतं. तिथे जात-धर्म पाहून अडवणं हा अस्सल मज्जाव.

आणि नकाराशिवायचा मज्जाव हवा असेल तर अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं 'ऑलीज बार्बेक्यू' पाहा. कृष्णवर्णीयांना तिथे खाणं बांधून मिळे, टेबलाशी बसायला मात्र बंदी. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी मोडीत काढली.