थंड राहणारं कापड आणि अर्धा एकर

भाऊ, नमस्कार.

आर्वी तालुक्यातून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी बारावी सायन्सला आहे, विज्ञान प्रदर्शन पाहून आल्यापासून तिनं 'आपोआप थंड राहणाऱ्या नॅनो कापडा'चा ध्यास घेतलाय, आणि एका खाजगी कॉलेजच्या नॅनोटेक्नॉलॉजी डिग्रीसाठी अर्धा एकर विकू का, असं तुम्ही विचारता. विकू नका. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश.

"पोरगी म्हणते कापडात पीसीएम असते, अन् तिचा ग्रुपबी पीसीएमच हाय," हे तुमचं वाक्य वाचून हसू आलं. ते पीसीएम वेगळं. तिचं फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, कापडातलं म्हणजे 'फेज चेंज मटेरियल', अवस्था बदलणारा पदार्थ. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि आपण ती उन्हात ठेवतो, ना? ते तेल वितळताना भोवतालची उष्णता पिऊन घेतं, पुन्हा गोठताना परत देतं. कापडासाठी बहुतेक मेणाच्या जातीचे पदार्थ वापरतात. त्यातलं ऑक्टाडेकेन २८ अंशांच्या आसपास वितळतं आणि दर ग्रॅमला साधारण २४० जूल उष्णता गिळतं.

वितळलेलं मेण कापडातून गळू नये म्हणून ते तंतूच्या पोटात भरतात. त्यासाठी सिरिंजला सुईच्या आत सुई असते: आतून मेण, बाहेरून पॉलिमरचं, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचं, द्रावण. सुई आणि समोरची धातूची पाटी यांच्यात दहा-वीस हजार व्होल्ट लावले की टोकावरचा थेंब ताणून शंकूसारखा होतो आणि त्यातून धागा गरगरत सुटतो. जत्रेतले बुढ्ढी के बाल आठवा. तिथं तबकडीच्या फिरण्यानं तार निघते, इथं विजेच्या ओढीनं, आणि ती केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असू शकते. पाटीवर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा पापुद्रा जमतो. पाहायला फार सुंदर, पण एका सुईतून तासाला एक ग्रॅम निघाला तरी पुष्कळ.

पत्राच्या तळाशी मुलीनं स्वतः दोन ओळी लिहिल्यात: 'बाबा मे महिन्यात वखरताना ओला दुपट्टा डोक्याला बांधतात. तो तासाभरात वाळतो. मला न वाळणारा दुपट्टा करायचा आहे.' मला सगळ्यात आवडलं ते हे. म्हणून तिला एक हिशेब करायला सांगा. दुपट्ट्यात १०० ग्रॅम मेण भरलं तर ते २४ हजार जूल घेईल. निवांत बसलेल्या माणसाचं अंगच सेकंदाला साधारण १०० जूल उष्णता बाहेर टाकतं. म्हणजे चार मिनिटांत खेळ खलास, आणि यात ऊन धरलेलंच नाही. बरं, आपल्याकडं मेच्या रात्रीही पारा २८ च्या खाली येईलच असं नसतं, मग ते मेण पुन्हा गोठणार कधी? उलट पाणी वाफ होताना ग्रॅममागे सुमारे २,४०० जूल नेतं, मेणाच्या दहापट. विदर्भाच्या कोरड्या उन्हात तुमचा ओला दुपट्टाच जिंकतो, भाऊ. कूलर चालतो तो याच गणितावर.

तरी तेवढ्यानं हे तंत्र फोल ठरत नाही. जिथं घाम वाळत नाही, जिथं थोडाच वेळ सांभाळायचं असतं, तिथं ते कामाचं. लसीच्या पेटीत २ ते ८ अंश टिकवायला ५-६ अंशांना वितळणारं टेट्राडेकेन चालतं. बॅटरीचा ताप शोषायलाही असे पदार्थ वापरतात.

आता शिक्षण. हे काम करणारी माणसं मुळात केमिकल, पॉलिमर नाहीतर टेक्स्टाइलची असतात. 'नॅनो' हे पदव्युत्तर शिक्षणात, संशोधनात येतं. बारावीनंतर लगेच त्या नावाची डिग्री घेतली तर नोकरीच्या जाहिरातीत ती शाखा शोधत बसावं लागतं. नागपूरचं एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आता विद्यापीठ) ही माझी पहिली पसंती, घरापासून जवळ. गुण चांगले पडले तर मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), तिथं तंतू आणि वस्त्रप्रक्रियेचं बी. टेक. आहे. मुंबईच्याच व्हीजेटीआय कॉलेजात टेक्स्टाइल आहे, इचलकरंजीत डीकेटीई कॉलेज. पुढं एम. टेक.ला आयआयटी दिल्लीचा टेक्स्टाइल विभाग. सध्या मात्र एमएचटी-सीईटी, आणि तिला फिजिक्समधला उष्णतेचा धडा नीट करू द्या.

पैशाचं: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही, आणि तुम्हाला सांगितलेली सीट बहुधा त्यातलीच. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही, तो कळवा. उत्पन्नाचा दाखला आणि लागत असेल तर नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेवा. जूनमध्ये पेरणीही असते आणि तहसीलला रांगही.