साबणाच्या वड्या पाऊचमध्ये भरायला ऑटोमॅटिक मशीन घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की रोज अडीच हजार वड्या निघतात, चार बायका दिवसभर हाताने पाऊच भरून सील मारतात, तर ऑटोमॅटिक मशीन घ्यावं का. इंदूरला सांवेर रोडवर माझा छोटा कारखाना आहे आणि हे मशीन मी घेऊन बसलोय, म्हणून सांगतो.

तुम्हाला दाखवलं असेल ते फ्लो रॅप मशीन. पिलो पॅक म्हणतात तेच. त्याला तयार पाऊच लागतच नाहीत. रोलची फिल्म फॉर्मरमधून, म्हणजे तिला वळवणाऱ्या साच्यातून, वडीभोवती नळीसारखी वळते, खालून लांब सील बसतं आणि पुढचे गरम जॉ, म्हणजे मशीनचे जबडे, टोकं दाबून सील करतात आणि कापतात. साधं मशीनही मिनिटाला ६० काढतं. म्हणजे तुमचा अख्ख्या दिवसाचा माल पाऊण तासात खलास! मग दिवसभर ताडपत्री टाकून ठेवणार का? माल वाढायचा नसेल तर एक बँड सीलर (हाताने भरलेल्या पाऊचचं तोंड पट्ट्यावरून सरकवत सील करणारं छोटं मशीन) घ्या, तेवढ्याने भागेल. आणि ‘ऑटोमॅटिक’ म्हटलं तरी मशीनच्या चेनवर वडी ठेवायला माणूस लागतोच, वड्या आपोआप चेनवर सोडणारा फीडर वेगळा घेतला नाही तर.

आता माझी फजिती. विकणाऱ्याने डेमो दिला तो लाकडी ठोकळ्यांवर. सगळे ठोकळे एकसारखे, कोरडे, कडक. काय सुंदर चाललं होतं! घरी आणल्यावर आमच्या वड्या लावल्या. कुणी दोन मिलिमीटर जास्त जाड, कुणाची कड फुगलेली, त्यात पावसाळा, ग्लिसरीनचा माल घाम फुटल्यासारखा ओला. ओली वडी चेनवरच्या ढकलणाऱ्या पुशरपुढे सरकली नाही, फिल्मला चिकटून मागे राहिली, आणि जॉ बरोबर तिच्यावरच मिटला. अर्धी वडी इकडे, अर्धी तिकडे, उरलेली जॉच्या खाचांत भाजली. तो जळका वास नाकातून दोन दिवस गेला नाही. शिवाय खाचेत साबण राहिला की पुढची प्रत्येक सील तिथेच उघडी पडते. मशीन बसवायला आलेल्या पोराला रोज पोहे-जिलबी खाऊ घालत होतो, तो बिचारा टेंपरेचर वरखाली करत बसला. दोष टेंपरेचरचा नव्हताच. जॉ पितळी ब्रशने घासायचा, सुरीने खरवडायचा नाही, एवढं मात्र त्याच्याकडून शिकलो. बाकी इलाज साबणाकडेच करावा लागला: स्टॅम्पिंगची डाय (वडी दाबून आकार देणारा साचा) बदलली आणि वड्या जास्त दिवस रॅकवर वाळवल्या. तुमचा माल कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे न शिजवता केलेला, असेल तर चार-सहा आठवडे वाळल्याशिवाय मशीनजवळ नेऊच नका. बंद पाऊचमध्ये तो ओल सोडतो.

फिल्मचं माप स्वतः काढा, रोलवाल्यावर सोडू नका. वडी ७५ बाय ५० बाय २५ मिमी धरा. रुंदी आणि जाडी मिळून ७५, दुप्पट १५०, त्यात खालच्या सीलचे वीसेक आणि ढिलाईचे दहा, झाली १८० मिमी रुंद फिल्म. लांबीला ७५ अधिक जाडीचे २५ अधिक दोन टोकांच्या सीलचे वीस, म्हणजे १२० मिमीला एक कट. मिनिटाला ६० म्हणजे मिनिटाला ७.२ मीटर फिल्म गेली. रोल घेताना ‘हीट सीलेबल बीओपीपी’ (उष्णतेने चिकटणारी पारदर्शक प्लास्टिक फिल्म) असं ठासून सांगा. साधी बीओपीपी जॉखाली आक्रसते, चिकटत नाही. छापील रोल असेल तर काठावर आय मार्क (कुठे कापायचं ते दाखवणारी छापील खूण) हवा आणि मशीनला ती खूण वाचणारा फोटो सेल, नाहीतर शंभराव्या पाऊचपर्यंत तुमच्या ब्रँडचं नाव सरकत सरकत मधोमध कापलं जातं. साबण पुढे वाळून हलका होतो, म्हणून वजनासोबत ‘पॅक करताना’ हे शब्द छापायला विसरू नका.

घ्यायचंच ठरलं तर स्वतःच्या वड्या पोत्यात भरून न्या, ताज्या वेगळ्या, वाळलेल्या वेगळ्या, वाकड्या निघालेल्याही. तिथेच हजारभर चालवून दाखवा म्हणा. ठोकळे काढायला लागले तर चहा पिऊन परत या.