लिंकनचं विचारलंत, पण आधी ती पॉलिसी

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. वय ४४, घरात पत्नी आणि दोन मुलं, कमावता मी एकटाच. पगार वर्षाला १,६०,००० डॉलर. आजोबा गिरगावात एका शेटजींच्या अमेरिकन गाडीवर ड्रायव्हर होते. त्या गाडीच्या गोष्टी ऐकतच वाढलो. आता १९६५ ची लिंकन कॉन्टिनेंटल, चार दारांची सेडान, २८,००० डॉलरला मिळते आहे. ५०० डॉलर टोकनही दिलं. सात वर्षांपूर्वी मंडळातल्या एका स्नेह्यांकडून इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी (आयुर्विमा आणि शेअर निर्देशांकाबरोबर वाढणारी बचत एकत्र) घेतली, हप्ता महिना १,००० डॉलर. (हप्ता जमावा म्हणून ४०१(के) मधली, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातली, कपात ६ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली, कंपनी पहिल्या ६ टक्क्यांवर निम्मी भर घालते.) पॉलिसीत माझे ५८ हजार जमलेत, त्यावर बिनव्याजी कर्ज मिळतं असं स्नेही म्हणतात. बचत खात्यात ९,००० आहेत. क्लासिक गाड्यांच्या किमती वाढतच जातात, म्हणजे गुंतवणूकही होईल. घेऊ का?

उत्तर : आत्ता नको. गाडीबद्दल माझी फारशी तक्रार नाही, तिच्याकडे नंतर येतो. मी अडकलो ते तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यापाशी.

पगाराचे ६ टक्के म्हणजे ९,६००, त्यावर कंपनीची भर ४,८००. तुम्ही १ टक्क्यावर आलात आणि भर उरली ८००. दरवर्षी ४,००० डॉलर कंपनी द्यायला तयार होती, तुम्ही नको म्हणालात. सात वर्षांचे झाले २८,०००. ही आकडेमोड मी तुम्हाला चिडवायला केलेली नाही. लिंकनची किंमत आणि हा आकडा खरोखरच एक आहेत. त्यावर बाजारात जी वाढ झाली असती ती मी धरलेलीच नाही. शिवाय वर्षाला ८,००० करपात्र उत्पन्नातून वजा झाले असते, तेही राहिलं. २२ टक्क्यांच्या टप्प्यात पावणेदोन हजारांचा कर तुम्ही दरवर्षी आधीच भरून मोकळे होताय.

आणि हे सगळं कशासाठी? पॉलिसीत ८४,००० भरलेत. सोबत पाठवलेल्या स्टेटमेंटचं तिसरं पान काढा. वर ठळक अक्षरात जमा मूल्य ५८,०००. खाली बारीक अक्षरात सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडल्याचा दंड, १९,०००. त्याच्याही खाली, हातात येणारी रक्कम ३९,०००. तुमचे आहेत ते हे ३९ हजार. ५८ हजार हा दाखवायचा आकडा.

तुम्हाला सांगितलं गेलं, बाजार चढला तर वाढ मिळेल, पडला तर शून्याखाली जाणार नाही. खरं आहे. पण चढत्या वर्षी तुमच्या पॉलिसीत ९ टक्क्यांवर झाकण आहे, निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश हिशेबात येत नाही, आणि शून्याच्या वर्षीही विम्याचा खर्च आणि फी कापली जातेच. म्हणजे खातं घटतं. विम्याचा हा खर्च वयाबरोबर चढत जातो. साठीनंतर तो काय होतो ते सहसा कुणी वाचून दाखवत नाही. दाखवतात तो रंगीत तक्ता, दरवर्षी न चुकता तीच घसघशीत वाढ. असे तक्ते किती फुगवायचे यावर २०१५ पासून नियामकांना लगाम घालावा लागला, यातच काय ते आलं.

‘बिनव्याजी’ कर्जाचं असं आहे : विमा कंपनी व्याज लावते आणि तारण ठेवलेल्या रकमेवर जवळपास तेवढंच जमा करते, म्हणून कागदावर फिट्टंफाट. पण ३९ हजारांतून २८ हजार अडकले की उरतात अकरा. विम्याचा सगळा खर्च त्यातून आणि पुढच्या हप्त्यांतून कापला जाणार. काही वर्षं बाजार रुसला तर पत्र येऊ शकतं, जादा हप्ता भरा नाहीतर पॉलिसी बंद. मुलं कॉलेजात असताना.

स्नेही दुखावतील असंही तुम्ही लिहिलंय. या धंद्यात कमिशनचा मोठा वाटा पहिल्याच वर्षी हातात पडतो. त्यांचं दुखणं बेताचंच असेल.

‘आणखी काही वर्षं थांबलो तर सरेंडर चार्ज कमी होईल’ हा विचार तुमच्या मनात येणारच. तो आजपासून आठ वर्षांत संपतो, म्हणजे थांबण्याचे वर्षाला साधारण अडीच हजार सुटतात. कंपनीची भर जाते चार हजार. थांबू नका.

पण क्रम चुकवू नका. ४०१(के) ची कपात या आठवड्यातच ६ टक्क्यांवर न्या. मग दहा लाख डॉलरचा, वीस वर्षांचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला, ठरावीक मुदतीचा निव्वळ आयुर्विमा. तुमच्या वयाच्या निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला महिना शंभरच्या आसपास पडतो. मेडिकल होऊन पॉलिसी हातात आली की मगच जुनी बंद करा. एकट्या कमावत्या माणसाने मधे एक दिवसही विम्याशिवाय राहू नये.

हप्त्याचे १,००० सुटले. टर्मला १००, ४०१(के) वाढवल्याने हातात येणारा पगार ५२० ने कमी; उरले ३८०. सरेंडरचे ३९ आणि बचतीचे ९ मिळून ४८ हजार. घरखर्च महिना सात हजार म्हणता, तर सहा महिन्यांचे ४२ बाजूला ठेवा आणि विसरा. राहिलेले सहा हजार आणि महिन्याचे ३८० हे गाडीचं खातं. तीन वर्षांत वीस हजाराच्या जवळ पोचाल.

आता लिंकन. वाढत्या किमतींच्या बातम्या तुम्ही वाचता त्या बहुतेक कन्व्हर्टिबलच्या, म्हणजे छत उघडणाऱ्या गाडीच्या. तुमची सेडान, तिचा भाव वेगळा. विमा, टायर, कार्ब्युरेटर, गळती, पेट्रोल धरून वर्षाला साडेतीन हजार तरी जातात. २८ हजारांवर ते साडेबारा टक्के. किंमत दरवर्षी तेवढी वाढली तर तुम्ही जागच्या जागी. तोट्यात विकलीत तर हौसेच्या वस्तूचा तोटा करात वजा होत नाही; नफा झाला तर सरकार हजर.

हौस म्हणून मात्र निवड छान आहे. १९६५ ला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, आणि सव्वादोन टनांच्या गाडीला ते हवेतच. सात लिटरचं व्ही-एट, गॅलनला दहा मैल. वायपर विजेवर चालत नाहीत, पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालतात. गळती लागली की दोन्हीकडे बघावं लागतं. खरा शत्रू गंज. हिला वेगळी चौकट नाही, बॉडीच चौकट. आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या मिठाने तळ खाल्लेला असेल तर वरचा रंग कितीही चकाको, सोडून द्या. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे. गॅरेजही टेपने मोजा, गाडी अठरा फूट आहे. विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चाच घ्या, म्हणजे गाडी गेली तर ठरलेली रक्कम मिळेल, विमा कंपनीने घसारा कापून काढलेली किंमत नव्हे.

तीन वर्षांनी वीस हजारात क्रोम जरा फिकट, पण तळ शाबूत असलेली सेडान शोधा. तेव्हा ते महिन्याचे ३८० तिच्या खर्चाला पुरतील. हप्ता नसेल, कर्ज नसेल.

विक्रेत्याला आजच नाही कळवा. टोकन परत मागा. नाहीच दिलं तर पाचशे गेले म्हणा, पण ते वाचवायला २८,००० चं कर्ज काढू नका.