उपग्रहावरची जागा आणि प्रसारणाचा हक्क

प्रश्न : आशियात अनेक भाषांत बातम्या देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाहिनीसाठी उपग्रहाच्या हक्कांची बोलणी करताना भाड्याखेरीज कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर : प्रक्षेपण कोण आणि कोणत्या कारणाने थांबवू शकतो, हे सांगणारे कलम मला भाड्याहून महत्त्वाचे वाटते. बीबीसीची जागतिक वृत्तवाहिनी १९९१ मध्ये हाँगकाँगच्या स्टार टीव्हीमार्फत एशियासॅट-१ या उपग्रहावरून आशियात दिसू लागली. या उपग्रहाचा उत्तरेचा बीम (ठरावीक प्रदेशावर पडणारा संकेतांचा झोत) चीनकडे, तर दक्षिणेचा भारतीय उपखंडाकडे वळलेला होता. १९९३ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारमधील बहुसंख्य हिस्सा विकत घेतला आणि एप्रिल १९९४ मध्ये, चीन सरकार बीबीसीच्या बातम्यांवर नाराज असताना, ती वाहिनी उत्तरेच्या बीमवरून उतरवण्यात आली; दक्षिणेकडे मात्र ती दिसत राहिली. म्हणून हक्क बीमनिहाय लिहून घ्यावेत, आणि मध्यस्थ कंपनीची मालकी बदलली तरी करार तसाच बंधनकारक राहील, याची तरतूद करावी.

पश्चिम आशियातील अनुभव याहून कठोर आहे. सौदी मालकीच्या ऑर्बिट या दूरचित्रवाणी कंपनीच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेली बीबीसीची अरबी वाहिनी संपादकीय मतभेदांमुळे एप्रिल १९९६ मध्ये बंद पडली. तिचे अनेक पत्रकार त्याच वर्षी सुरू झालेल्या अल जझीरा या कतारच्या वृत्तवाहिनीत गेले. संपादकीय निर्णय वाहिनीचाच, हे वाक्य करारात नि:संदिग्धपणे असायलाच हवे.

भाषांचा प्रश्न वेगळा आहे. एकाच चित्राबरोबर अनेक ध्वनिमार्ग पाठवले तर ट्रान्सपाँडरची (उपग्रहावरील संकेत घेऊन पुन्हा पाठवणाऱ्या यंत्राची) जागा वाचते, परंतु वृत्तसंस्थांची आणि विशेषतः क्रीडास्पर्धांची दृश्ये बहुधा देशानुसार, कधी भाषेनुसारही, विकली जातात, आणि उपग्रहाचा झोत सीमा पाहून थांबत नाही. शिवाय सिग्नल पोचला म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. भारतात परदेशातून अपलिंक होणाऱ्या, म्हणजे तेथून उपग्रहाकडे पाठवल्या जाणाऱ्या, वाहिनीलाही डाउनलिंकची, म्हणजे तिचा सिग्नल येथे उतरवून घेण्याची, स्वतंत्र परवानगी लागते आणि त्यासाठीचा अर्ज येथे नोंदणीकृत कंपनीला किंवा मर्यादित दायित्व भागीदारी संस्थेलाच (एलएलपी) करता येतो.

प्रश्न : लहान वाहिनीला अशा अटी मान्य करून घेता येतील का?

उत्तर : सगळ्या नाही. सरकारी आदेश आल्यास प्रक्षेपण थांबवण्याचा अधिकार कोणताही उपग्रहचालक सहसा सोडणार नाही. मात्र तो आदेश लेखी असावा, त्याची प्रत वाहिनीला मिळावी, बंदी त्या देशापुरतीच राहावी आणि उरलेल्या मुदतीचे आगाऊ भाडे परत मिळावे, एवढा आग्रह लहान वाहिनीनेही सही करण्यापूर्वी धरावा.