रशिया आणि इराण पाठीशी असताना सीरियातील असद राजवट इतक्या झटपट कशी कोसळली?

ती राजवट स्वतःच्या पायांवर उभी नव्हतीच, हे याचे खरे उत्तर. २०१५ पासून रशियाची विमाने आकाशातून, तर इराण व हिजबुल्ला ही लेबनॉनमधील सशस्त्र संघटना जमिनीवरून तिला तोलून धरत होते. परंतु २०२४ पर्यंत रशिया युक्रेनमध्ये गुंतला होता, आणि त्या सप्टेंबरात प्रमुख नसरल्लाह मारला गेल्यानंतर हिजबुल्लाला स्वतःलाच सावरणे कठीण झाले होते. २७ नोव्हेंबरला बंडखोरांनी चढाई सुरू केली. काही दिवसांत अलेप्पो शहर आणि ५ डिसेंबरला हमा शहर पडले.

मला मात्र आदल्या दिवशीचा, म्हणजे ४ डिसेंबरचा, एक हुकूम अधिक बोलका वाटतो: राष्ट्राध्यक्ष असद यांनी सैनिकांचे वेतन पन्नास टक्क्यांनी वाढवले. वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर राबवलेल्या सैन्याला ऐन लढाईत दिलेली ही वाढ म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होते. सैनिकांनी गणवेश रस्त्यावरच टाकून साध्या कपड्यांत घरची वाट धरली. जे सैन्य स्वतःच लढत नाही, त्याच्यासाठी दोस्त तरी किती लढणार? ८ डिसेंबरला राजधानी दमास्कस पडले आणि असद यांना रशियाने मदत केली ती एवढीच, की सीरियातीलच हमैमीमच्या आपल्या हवाई तळावरून त्यांना मॉस्कोला नेले.