वाचकांचे प्रश्न : चाळीस पत्रकं, एक वाक्य

प्रश्न : ताई, नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत हाडांच्या प्लेटा आणि स्क्रू बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्यूए (गुणवत्तेची हमी) बघतो. मालाबरोबर जाणारी आमची 40 माहितीपत्रकं आहेत, सगळी वर्डमध्ये. निर्जंतुकीकरणाचं एक वाक्य बदललं की 40 फाइली उघडायच्या. सल्लागार म्हणतात सॉफ्टवेअर घ्या. किंमत ऐकून आमचे मालक गप्प झालेत. काय करावं? – एक वाचक, कुपवाड

उत्तर : दादा, सॉफ्टवेअरचा विषय सध्या बाजूला ठेवा. तुमच्या पत्रावरून दिसतं की एकच वाक्य 40 ठिकाणी राहतंय आणि त्याला धनी कुणीच नाही. ते तसंच ठेवून महागडी प्रणाली आणली, तर हाच गोंधळ प्रणालीत जाऊन बसेल.

हे मी अनुभवानं सांगते. मी 22 वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये काढली. एका कारखान्यात ऑटोक्लेव्हच्या (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांचा बदल आम्ही सगळ्या पत्रकांत केला, असं मी सही करून लिहून दिलं. ऑडिटरनं एकाच जातीच्या दोन प्लेटांची पत्रकं शेजारी शेजारी ठेवली. एकात 134 अंश, 3 मिनिटं. दुसऱ्यात जुनं 121. शोधल्यावर अशी तीन पत्रकं निघाली. कापा (चूक सुधारण्याचा आणि पुन्हा होऊ न देण्याचा फॉर्म) भरला, सगळं रीतसर झालं, पण त्या रात्री मला झोप नव्हती. मिरजेत 1894 मध्ये वॉनलेस डॉक्टरांनी रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून आपला हा भाग दवाखान्यांवर वाढलाय. माझे नातेवाईक तिथल्याच ऑपरेशन टेबलांवर झोपतात. तिथली सिस्टर आपला कागद वाचून ऑटोक्लेव्ह लावते.

आता काम सांगते. 40 मधली पाच पत्रकं छापून घ्या आणि जमिनीवर पसरा. हिरवी आणि लाल पेन्सिल घ्या. शब्दन् शब्द सारखी असलेली वाक्यं हिरवी. अर्थ एक पण शब्द वेगळे, ती लाल. हिरव्यांची काळजी करू नका, खरं दुखणं लाल रंगात आहे. ‘वापरण्यापूर्वी निर्जंतुक करावे’, ‘निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नये’, ‘ऑटोक्लेव्ह करून वापरा’ अशी तीन भावंडं एकाच कारखान्यात सापडतात, कारण तीन माणसांनी तीन वर्षांत लिहिलेली असतात. त्यातलं एक ठेवायचं. कोणतं, हे आपण खुर्चीत बसून ठरवू नये. ओळखीच्या ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरला तिन्ही वाचून दाखवा आणि ती काय करेल ते तिला विचारा.

निवडलेल्या प्रत्येक वाक्याला किंवा परिच्छेदाला क्रमांक द्या आणि एक एक्सेल करा. क्रमांक, मजकूर, रिव्हिजन, धनी कोण, कोणकोणत्या पत्रकांत आहे. आणखी एक रकाना अवश्य ठेवा : रिस्क फाइलमधली (उपकरणाच्या धोक्यांच्या नोंदीतली) ओळ. आयएसओ 14971 या वैद्यकीय उपकरणांच्या धोका-व्यवस्थापनाच्या मानकाप्रमाणे इशारा हा धोका कमी करण्याचा एक उपाय आहे. ‘टायटॅनियमच्या प्लेटवर स्टीलचा स्क्रू लावू नये’ हे वाक्य दोन धातूंच्या संपर्कातून होणाऱ्या गंजासाठी आहे. ती ओळ ज्याच्या ताब्यात, तोच वाक्याचा धनी. मार्केटिंगनं त्याला हात लावायचा नाही.

क्रमांक दिलेला असा प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘खालील तक्ता पाहा’ असे शब्द काढून टाका. दुसऱ्या पत्रकात गेल्यावर त्याच्या वर काय असेल, हे त्या तुकड्याला ठाऊक नसतं.

आणि सगळंच सगळीकडे वापरता येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं कांदा-लसूण तिखट कांडून बरणी भरतात. तीच बरणी आमटीला, तीच वांग्याला. पण उपासाच्या खिचडीत ते कुणी घालत नाही. तुमच्याकडे एमआरआयचं वाक्य हे त्या खिचडीसारखं आहे. धातूच्या इम्प्लांटला ‘एमआर सेफ’ (एमआरआयमध्ये पूर्ण सुरक्षित) म्हणताच येत नाही. चाचण्या केल्या असतील तर ‘एमआर कंडिशनल’, आणि तेही ठरावीक चुंबकीय क्षेत्र व अटींसह. चाचणी 316एल स्टीलच्या प्लेटची झाली असेल, तर ते वाक्य टायटॅनियमच्या पत्रकात उचलून टाकणं म्हणजे न झालेल्या चाचणीवर सही करणं. निर्जंतुकीकरणाच्या आकड्यांचंही तसंच आहे. युरोपात व्हॅक्यूमवाल्या ऑटोक्लेव्हला 134 अंशांना 3 मिनिटं हे चक्र रूढ आहे, अमेरिकेत 132 अंशांना 4 मिनिटं. वाक्य एक ठेवा, आकडा बाजारपेठेप्रमाणे बदलणारी जागा म्हणून वेगळा ठेवा. पण कोणताही आकडा तुमच्या स्वतःच्या व्हॅलिडेशनमध्ये (चाचणीनं केलेल्या खात्रीत) उतरल्याशिवाय छापू नका.

इथे एक धोका आहे आणि सॉफ्टवेअर विकणारे त्यावर फार बोलत नाहीत. मूळ तुकडा बदलला की 40 पत्रकं आपोआप बदलतात, असं ते आनंदानं दाखवतात. आपल्या क्षेत्रात हे आपोआप होता कामा नये. मंजूर झालेलं पत्रक गोठलेलंच राहिलं पाहिजे. गेल्या वर्षीच्या लॉटबरोबर कोणता कागद गेला, हे उद्या कुणीही विचारेल. म्हणून तुकडा बदलला की चेंज कंट्रोल (बदलाचा रीतसर अर्ज) निघावा, त्यात त्या 40 ची यादी यावी आणि प्रत्येक पत्रकाची स्वतंत्र रिव्हिजन व्हावी. यादी मशीननं काढावी, मंजुरी माणसानं द्यावी.

एक्सेल दोन बदल नीट पेलून दाखवेल तेव्हा डिटाकडे (मजकूर तुकड्यांत लिहून पुन्हा पुन्हा वापरण्याच्या पद्धतीकडे) वळा. आयबीएममध्ये जन्मलेली ही पद्धत 2005 पासून ओएसिस या संस्थेचं मानक आहे. मजकूर एक्सएमएलमध्ये (संगणकाला वाचता येणाऱ्या खुणा लावलेल्या फाइलीत), छोट्या विषयांत : संकल्पना, कृती, संदर्भ. कोणते विषय कोणत्या क्रमानं घ्यायचे ते एका नकाशात लिहायचं आणि सामाईक वाक्य संदर्भ देऊन ओढून घ्यायचं. तोवर तुमचे तुकडे तयार असतील, म्हणून मालकांना खर्चाचा हिशोबही नेमका मांडता येईल.

प्रश्न : मी साताऱ्यात बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. औषधांच्या बाजूला हे ‘स्ट्रक्चर्ड कंटेंट’ (ठरावीक विभागांत, खुणा लावून मांडलेला मजकूर) कुठं दिसतं? सगळे व्याख्या सांगतात, दाखवत कुणी नाही. – एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळा, डोळ्यांनी बघ. डेलीमेड हे अमेरिकी सरकारचं संकेतस्थळ उघड, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचं एखादं लेबल शोध आणि त्याची एक्सएमएल फाइल उतरवून घे. त्यात 34066-1 हा आकडा शोध. ती चौकटीतल्या इशाऱ्याची खूण आहे, मेटफॉर्मिनमध्ये तिथे रक्तात आम्ल साठणं, म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस सापडेल. 34067-9 म्हणजे औषध कशासाठी, 34070-3 म्हणजे कुणाला देऊ नये. दुसऱ्या कंपनीचं लेबल उघडलंस तरी खुणा त्याच. 2005 च्या ऑक्टोबरअखेरपासून एफडीए ही अमेरिकेची औषध नियामक संस्था लेबलं या रचनेत मागते, म्हणूनच हजारो लेबलांतला एकच विभाग संगणकाला वेचता येतो. हे एकदा केलंस की व्याख्या पाठ करावी लागणार नाही. मग सीटीडीच्या (औषधाच्या मंजुरीसाठी द्यायच्या कागदपत्रांच्या ठरलेल्या रचनेच्या) पाच मॉड्यूलांकडे ये आणि तिसऱ्या मॉड्यूलमधली गुणवत्तेची माहिती दुसऱ्यात सारांशरूपानं कशी पुन्हा येते ते ताडून बघ. बॅच साइज एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा, ही चूक तिथेच होते.

प्रश्न : जुनी, रद्द झालेली पत्रकं किती वर्षं ठेवायची? – एक वाचक, मिरज

उत्तर : युरोपात माल जात असेल तर तिथल्या 2017 च्या नियमाप्रमाणे तांत्रिक कागदपत्रं शेवटचं उपकरण बाजारात गेल्यापासून 10 वर्षं, आणि शरीरात बसवायचं उपकरण असेल तर 15 वर्षं. रद्दचा शिक्का मारून, चालू प्रतींपासून लांब. आणि तळमजल्यावर नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागात कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा माझ्या जुन्या वह्या खालच्या कपाटात होत्या. पाणी उतरल्यावर पानं सुटी करता येईनात. कपाट वर न्या, आणि स्कॅन प्रत दुसऱ्या गावात ठेवा.